इंद्रधनुष्याचें चित्र व पारदर्शक रंग

संगणकावर चित्रें काढणाऱ्या विद्यार्थ्यांस इंद्रधनुष्याची मोठी हौस असते. परंतु तें बहुधा आकाशांत उमटल्यासारखें न दिसतां आकाशावर रंगीत पट्टा चिकटविल्यासारखें दिसतें. इंद्रधनुष्य हा कांहीं पदार्थ नव्हे. त्यांतून पाठीमागचा मेघ दिसलाच पाहिजे. तेव्हां रंग फिका करणें निराळें व पारदर्शक करणें निराळें, हा भेद प्रथम ध्यानांत घ्यावा. कांठाकडे पांढरा रंग दिला, तर कागद पांढरा आहे तोंवर तें खपून जातें. मागें काळा मेघ येतांच पांढरी किनार उघडी पडते.

इंकस्केप हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो, म्हणून उदाहरण त्याचेंच घेऊं. एका रंगांतून दुसऱ्या रंगांत हळूहळू जाणें, यास त्यांत ग्रेडियंट म्हणतात. सरळ ग्रेडियंट एका रेषेनें जातो. कमानीचें वळण त्यास ठाऊक नसतें. रेडियल ग्रेडियंट मध्यबिंदूपासून चोहोंकडे पसरतो, म्हणून येथें तोच योग्य होय. तथापि अर्धी कमान काढून तिला तो दिला, तर प्रोग्रॅम कमानीचें केंद्र शोधीत नाहीं. तिला वेढणाऱ्या अदृश्य चौकटीचा मध्य धरतो, व रंगांचीं वर्तुळें चपटीं होतात. म्हणून आधीं पूर्ण वर्तुळ काढावें, त्यास ग्रेडियंट द्यावा, मग क्षितिजापासून वर एक चौकोन त्यावर ठेवून ‘क्लिप’ ही आज्ञा द्यावी. चौकोनाखालीं येणारा भागच तेवढा दिसतो, आणि ग्रेडियंटचें केंद्र हालत नाहीं.

आतां रंगांचे थांबे. वर्तुळाची त्रिज्या १०० मिलिमीटर धरा. केंद्रापासून ९० पर्यंत जांभळा रंग, परंतु अपारदर्शकता शून्य. पुढें ९२ वर तोच जांभळा ६० टक्के. मग निळा, हिरवा, पिवळा व नारिंगी. ९८ वर तांबडा ६० टक्के, आणि १०० वर तांबडाच, पण शून्य. मुख्य धनुष्यांत तांबडा नेहमीं बाहेर असतो. जो रंग दिसावयाचाच नाहीं तो जांभळा ठेवा कीं काळा ठेवा, सारखेंच, असें पुष्कळांस वाटतें. पण तसें नाहीं. दोन थांब्यांच्या मधल्या जागेंत रंग व पारदर्शकता हीं दोन्ही बदलतात. शून्याच्या थांब्यावर काळा असला, तर मध्यें मळकट कडें दिसूं लागतें. (खरें धनुष्य दोनच अंश रुंद, म्हणजे आपल्या मापानें सुमारें ५ मिलिमीटर असतें, चित्रांत दुप्पट केलें तरी चालेल.)

साठ टक्के याचा अर्थ असा कीं, ६० भाग आपला रंग व ४० भाग मागचा. शुद्ध तांबडा २५५, ०, ० असा लिहितात. तो पांढऱ्यावर २५५, १०२, १०२ म्हणजे गुलाबी होतो, आणि काळ्यावर १५३, ०, ० म्हणजे गडद तांबडा. एकच धनुष्य दोन मेघांवर ठेवून हें पडताळून पाहावें.

केंद्र कोठें ठेवावें? धनुष्याचें केंद्र सूर्याच्या नेमकें समोर असतें, आणि सूर्य क्षितिजाच्या वर असल्यामुळें तें क्षितिजाच्या खालीं जातें. त्रिज्या सुमारें ४२ अंशांची असते. सूर्य २० अंश वर असेल, तर १०० मिलिमीटरच्या वर्तुळाचें केंद्र सुमारें ४८ मिलिमीटर खालीं घ्यावें. वर ५२ मिलिमीटर उंचीची कमान उरेल. सपाट भूमीवरून पाहतांना सूर्य ४२ अंशांहून वर चढला कीं आकाशांत धनुष्य नाहींच. श्रावणांतल्या दुपारीं बारा वाजतांचें भरघोस अर्धवर्तुळ हें म्हणूनच चित्रकाराचें, निसर्गाचें नव्हे. आणि त्याच चित्रांत सूर्यहि धनुष्याशेजारीं हंसत असला, तर परीक्षकानें काय करावें?

चित्र एसव्हीजी अथवा पीएनजी स्वरूपांत साठवावें. जेपेगमध्यें पारदर्शकता राहत नाहीं; रिकामी जागा एका रंगानें, बहुधा पांढऱ्यानें, भरली जाते, आणि दुसऱ्या चित्रावर ठेवतांच धनुष्याभोंवतीं पांढरा चौकोन येतो.