छपरावरची जाहिरात, शहराची खूण



अमेरिकेतील बॉस्टन शहरात केनमोर चौक आहे. तेथील एका इमारतीच्या गच्चीवर १९४० साली सिटीज सर्व्हिस या तेल कंपनीने जाहिरातीचा फलक उभारला. १९६५ मध्ये कंपनीने ‘सिटगो’ हे नाव धारण केले आणि तेथे लाल त्रिकोण व खाली निळी अक्षरे असलेला नवा फलक आला. आकार ६० फूट बाय ६० फूट, म्हणजे ३,६०० चौरस फूट. आपल्या किती वर्गखोल्या त्यात मावतील, हे मोजून पाहा.

फलक लावला तो पेट्रोल खपावे म्हणून. लोकांनी मात्र त्याचा भलताच उपयोग केला. बॉस्टन मॅरेथॉनचे धावपटू साधारण ४० किलोमीटर धावून थकलेले असतात, तेव्हा हा त्रिकोण दिसतो. त्या चौकात पोहोचले की शेवटचा एक मैल उरतो. जवळच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानातूनही डाव्या भिंतीच्या वर तो दिसे. चेंडू तिकडे उडाला की प्रेक्षक नावाची फोड करीत ‘सी-इट-गो’, म्हणजे ‘तो पाहा चालला’! हे काही कंपनीला सुचले नसावे.

फलक उजळत असे निऑनच्या नळ्यांनी. काचेच्या नळीत हा वायू कमी दाबाने भरून जास्त व्होल्टची वीज सोडली की नारिंगी-लाल प्रकाश पडतो. निळ्यासाठी दुसरे वायू लागतात. १९७९ मध्ये ऊर्जाबचतीसाठी गव्हर्नर एडवर्ड किंग यांच्या सांगण्यावरून तो विझवला. पुढे कंपनी तो उतरवायला निघाली, तेव्हा नागरिकांनी विरोध केला. ऑगस्ट १९८३ मध्ये फलक पुन्हा उजळला. २००५ पर्यंत निऑनच्या जागी कमी वीज खाणारे एलईडी आले.

खरा पेच नंतरचा. इमारत विकली गेली आणि फलकाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. खासगी कंपनीच्या जाहिरातीला सरकारने वारसा का म्हणावे? नोव्हेंबर २०१८ मध्ये शहराच्या वारसा आयोगाने तसा दर्जा देण्याचे ठरवले. पण महापौर मार्टी वॉल्श यांनी नकाराधिकार वापरला. कंपनी व इमारतमालक यांच्यातील करार पुरेसा आहे, असे त्यांचे म्हणणे. मला आयोगाचे पटते. करार दोघांचा असतो, खूण सगळ्या शहराची.

स्वाध्याय : आपल्या गावात पत्ता सांगताना कोणत्या दुकानाची पाटी सांगतात? घरातील आजी-आजोबांना विचारून, ती कधीपासून आहे ते दहा ओळींत लिहा.