गिरडच्या टेकडीवर आभाळ पांढरं का येतं?

प्रश्न : गिरडच्या टेकडीवरून काढलेल्या फोटोंत आभाळ पांढरं आणि खडक काळेठिक्कर येतात. काय चुकतं? (एक वाचक, हिंगणघाट)

उत्तर : वेळ चुकते. बेसाल्टचा काळा खडक प्रकाश शोषून घेतो. भर दुपारी आभाळ आणि खडक यांतला फरक कॅमेऱ्याला पेलत नाही. सूर्योदयानंतर लगेच टिपा, तिरप्या उन्हात दगडाचा पोत उठून दिसतो. एक्स्पोजर आभाळावर ठेवा आणि फोटो रॉ फाइलमध्ये काढा. सावल्या नंतर उजळता येतात, जळालेलं आभाळ परत मिळत नाही. मे महिन्यातल्या धुरकट हवेपेक्षा पावसाळा सरतानाची धुतलेली हवा कितीतरी मोलाची! टेकडीवरच्या दर्ग्याला आलेल्या भाविकांचे फोटो मात्र विचारूनच काढा.