माणिक आणि नीलम : एकाच खनिजाची दोन रूपे

माणिक तांबडेबुंद, तर नीलम गर्द निळा. ही दोन रत्ने एकाच खनिजाची आहेत असे कोणी सांगितले, तर तुम्हाला खरे वाटेल का? पण ते खरे आहे. त्या खनिजाचे नाव कुरुविंद. कुरुविंद म्हणजे स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइड. शुद्ध कुरुविंद रंगहीन असते.

मग रंग येतो कोठून? स्फटिक घडताना ॲल्युमिनियमच्या काही अणूंच्या जागी क्रोमियमचे अणू बसतात. ते जांभळा आणि पिवळा-हिरवा प्रकाश शोषून घेतात. तांबडा तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. हेच माणिक. लोह आणि टिटॅनियम जोडीने आले, की नीलम होतो. लोहामुळे पिवळा रंगही येतो. या पिवळ्या रत्नाला आपल्याकडे पुष्कराज म्हणतात; मात्र टोपाझ या निराळ्या खनिजालाही तेच नाव असल्याने खरेदी करताना घोटाळा होतो.

दागिन्यांसाठी कुरुविंद फार सोयीचे. मोहस यांच्या श्रेणीत त्याचे काठिण्य 9 आहे. त्याच्यावर फक्त हिरा. धुळीत क्वॉर्ट्‌झचे कण असतात, त्यांचे काठिण्य 7. म्हणून रोज वापरलेल्या अंगठीतली काच लवकर ओरखडते, माणिक मात्र चकचकीत राहते. शिवाय त्याला पाटन नाही, म्हणजे ठरावीक प्रतलावर ते सहज दुभंगत नाही.

रंगावरून मात्र रत्न ओळखू नये. ब्रिटिश राजमुकुटातील 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' हे वास्तविक स्पिनेल आहे! विशिष्ट गुरुत्व पाहणे अधिक बरे : कुरुविंद 4, स्पिनेल 3.6, साधी काच सुमारे 2.5. सुटा खडा हवेत 2 ग्रॅम आणि पाण्यात बुडवून 1.5 ग्रॅम भरला, तर घट 0.5 ग्रॅम. 2 ला 0.5 ने भागल्यास 4 येतात.

तरीही एक अडचण उरते. 1902 मध्ये व्हर्नॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्वालेत कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. ते रासायनिक दृष्ट्या खरे माणिकच असल्याने त्याचेही विशिष्ट गुरुत्व 4 भरते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यात वक्र रेषा दिसतात. निसर्गातल्या स्फटिकात वाढीच्या रेषा सरळ असतात.

आता तुम्ही सांगा : एक तांबडा खडा हवेत 1.8 ग्रॅम आणि पाण्यात 1.3 ग्रॅम भरतो. तो माणिक असेल का?