गॅस बंद करायची पाळी कोणाची?

त्या दिवशी मी तापाने फणफणले होते. साडेबाराच्या सुमारास लेकाला भूक लागली. कशीबशी उठून आधण ठेवलं, ‘‘उकळी आली की तांदूळ टाक रे,’’ म्हटलं आणि पुन्हा आडवी झाले. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली ती करपल्याच्या वासाने. पातेलं तळाशी काळंठिक्कर पडलं होतं, शेजारच्या फडक्याची कड धुमसत होती आणि सोळा वर्षांचा माझा मुलगा दोन हात लांब, कानांवर तळवे दाबून, दाराकडे टक लावून उभा होता. मी गॅस बंद केला. त्याने विचारलं, ‘‘तो कधी येणार?’’

‘तो’ म्हणजे शनिवारच्या गटातला त्याचा मित्र. गॅस बंद करायचं काम त्याचं असायचं.

माझं सासर तंजावरच्या मराठी घराण्यातलं, म्हणून आम्ही तमिळनाडूतल्या ओरत्तनाडूत राहतो. दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द 1798 ते 1832) इथे अन्नछत्र बांधलं. रामेश्वराच्या वाटेवरचे यात्रेकरू तिथे जेवत. त्याच गावात आम्ही चार-पाच आयांनी आमच्या स्वमग्न मुलांना स्वयंपाक शिकवायला घेतला. पाच मुलं. एकाने तांदूळ धुवायचे, एकीने पाणी मोजायचं, एकाने गॅस पेटवायचा, माझ्या लेकाने तांदूळ टाकून झाकण ठेवायचं, पाचव्याने गॅस बंद करायचा. वर्षभर भात मोकळा, छान व्हायचा. फोनवर आईला मी अभिमानाने सांगायचे, नातू भात करायला शिकला. खरं तर भात करायला गट शिकला होता. माझा मुलगा तांदूळ टाकायला शिकला होता.

ह्याचं खापर त्याच्यावर फोडू नये. ऑटिझम असलेली बरीच मुलं एखादी गोष्ट जिथे, ज्याच्यासोबत, ज्या क्रमाने शिकतात, तिथेच ती घट्ट धरून ठेवतात. माणूस बदलला, जागा बदलली की तीच गोष्ट त्यांना नव्याने शिकवावी लागते. हे मी वाचलेलं होतं, तरी पाच जणांनी मिळून रांधलेला भात पाहून मी भुलले. आणि ‘झाल्यावर बंद कर’ हे वाक्य मी बोललेच नव्हते. ते न सांगता समजावं, हीसुद्धा माझीच अपेक्षा.

महिनाभर आम्ही शनिवार बंद ठेवला. मग सगळं उलट्या क्रमाने सुरू केलं. आता प्रत्येक मूल आधी शेवटची पायरी शिकतं: भाताचं शीत दाबून पाहायचं, गॅस बंद करायचा, बटण फिरलंय ना हे हाताने चाचपायचं. ते जमलं की तिच्या आधीची पायरी. असं मागे मागे जात तांदूळ धुण्यापर्यंत. काम प्रत्येक वेळी मुलाच्या स्वतःच्या हाताने संपतं, हे मला फार मोलाचं वाटतं. पाळ्या दर आठवड्याला बदलतात. महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या घरी, त्याच्या शेगडीवर, त्याच्या पातेल्यात भात. आई दाराबाहेर, तोंड मिटून. हे तोंड मिटणं सर्वांत अवघड. मूल थबकलं की आपल्या तोंडून ‘आता पाणी’ निघून जातं, आणि मग ते पाण्याची नाही, आपल्या आवाजाची वाट पाहू लागतं. आता आम्ही मनात दहा आकडे मोजतो, मग ओट्यावरच्या चित्राकडे बोट दाखवतो. बोललो तर सगळ्यात शेवटी. कुकर मात्र आम्ही मुद्दाम टाळला आहे. शिट्टी झाली की आमच्यातली दोन मुलं घराबाहेर पळतात.

दुकानाच्या फेरीतही हाच घोटाळा सापडला. एकाकडे पिशवी, एकाकडे यादी, एकीजवळ पैसे. म्हणजे एकटं कोणीच काही विकत आणू शकत नव्हतं. आता तिघं तीन वेगळ्या वस्तू आणतात, तिघांच्या मुठीत आपापले पैसे. बसमध्ये वेगळाच पेच. तमिळनाडूत साध्या भाड्याच्या टाउन बसमध्ये 2021पासून बायकांना तिकीट फुकट. गटातल्या मुलीला पैसे न देता तिकीट मिळालं, म्हणून माझ्या लेकाने पुढे केलेली नोट मागे घेतली. कंडक्टर संतापला. हा नियम आम्ही घरी दोन रंगांच्या कागदी तिकिटांनी खेळून घेतला, तेव्हा कुठे बसला.

भाषेचंही सांगते, कारण परप्रांतातली बरीच मराठी घरं इथे चुकतात. मूल उशिरा बोलतंय म्हणून एकच भाषा ठेवा, असं मलाही कोणी सांगितलं आणि मी दोन वर्षं त्याच्याशी मराठी बोलायचं सोडलं. दोन भाषांनी स्वमग्न मुलाचं नुकसान होत नाही. गावच्या बसवरची पाटी तमिळमध्ये, आजीच्या हाका मराठीत. त्याला दोन्ही लागतात.

आणि ‘नको’ म्हणायला शिकवा. आमची मुलं सांगितलेलं निमूट ऐकतात याचं कौतुक होतं, पण उद्या कोणी परक्या माणसाने पैसे मागितले किंवा अंगाला हात लावू दे म्हटलं तर? गटात आम्ही दर शनिवारी एखाद्याला मुद्दाम नावडतं काम सांगतो, आणि त्याने ‘नको’ म्हटलं की ते मान्य करतो. सुरुवातीला काही बाबांना हे रुचलं नाही.

कागदपत्रं अठरा वर्षांच्या आत उरका. अठरा पूर्ण झाली की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंत आरोग्यविमा आहे. पण हातांचा सराव त्याहून आधी, बारा-तेराव्या वर्षीच सुरू व्हायला हवा. आम्ही पंधराव्या वर्षी सुरू केला, आणि ती तीन वर्षं मला अजून टोचतात.

परवा लेकाने एकट्याने भात केला. गॅस बंद केला, बटण चाचपलं, मग मित्राला फोन लावला आणि म्हणाला, ‘‘मी बंद केला.’’ मीठ मात्र दोनदा पडलं होतं. पुढच्या शनिवारी मिठाची पाळी घ्यायची आहे.