बाळ्या, यंत्राचं नंतर बोलू

वणी, मार्गशीर्ष



काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. बोलली कमी, रडली जास्त. सोयाबीनचा चुकारा बँकेतून उचलून तू दोन लाखांचं सोनं शोधायचं यंत्र घेतो आहेस म्हणे. तेवढंच असतं तर मी रागावून मोकळा झालो असतो. पण दोन माणसं संध्याकाळी घरी येतात, जेवतात, तुला पैनगंगेपल्याडच्या पडक्या गढीवर नेतात आणि तू पहाटे परततोस, हे ऐकल्यापासून डोळा लागला नाही. त्यातला एक गळ्यात माळा घालतो, लिंबं बाळगतो. कोण आहेत रे हे लोक? यंत्राचं नंतर बोलू, आधी हे सांग.

तू पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. तो खोटा नाही. ऑस्ट्रेलियात किंगोअर गावाजवळ १९८० साली एकाला साध्या मेटल डिटेक्टरनं सत्तावीस किलोंचा सोन्याचा गोळा सापडला होता. पण तिथल्या जमिनीत सोन्याचे गोळे आहेत, म्हणून सापडतात. आपल्या बेला गावच्या काळ्या मातीखाली काळा दगड, नाहीतर चुनखडी. म्हणून तर आदिलाबादला नि गडचांदूरला सिमेंटचे कारखाने आले. निजामाच्या राज्यातली सोन्याची खाण होती ती हट्टीला, रायचूरकडे. अजून चालू आहे. तिथं टनभर दगड दळावा तेव्हा काही ग्रॅम सोनं हाती लागतं, तेही डोळ्यांना न दिसणारं. त्या दगडावरून डिटेक्टर फिरवला तरी तो गप्पच राहील. आणि खनिज शोधायला सरकारी परवाना लागतो, वावर स्वतःचं असलं तरी.

आता ते दोन लाखांचं यंत्र. तुझी आई म्हणते, त्याला दोन अँटेना आहेत आणि त्या दोघांतला एक धुऱ्यावर उभा राहून सांगतो, अर्ध्या किलोमीटरवर सोनं आहे. अरे, तू बारावी सायन्सचा! खऱ्या यंत्रात खाली वेटोळं असतं. त्यातल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं धातूत प्रवाह फिरतो, त्याचं उलट क्षेत्र वेटोळ्याला कळतं. अंतर वाढलं की ते झपाट्यानं विरतं. नाणं वीतभर खोल असलं तरी नशीब म्हणायचं, मोठी घागर असेल तर दोन-तीन फूट. अर्धा किलोमीटर कोणी सांगितलं की समजायचं, हा चोर आहे. इंग्लंडात एकानं असाच अँटेनाचा दांडा बॉम्ब शोधायचा म्हणून इराकला विकला. आत काहीच नव्हतं. २०१३ साली त्याला दहा वर्षांची कैद झाली, पण तोवर त्या दांड्यावर विसंबून किती माणसं मेली असतील, देव जाणे.

आणि हा तर तुझ्या घरी येऊन जेवतो.

रागावून लिहितो आहे, पण भीती दुसरीच आहे. तू पायाळू आहेस. गावाला ठाऊक आहे. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, हे तू हसण्यावारी नेतोस, ते लोक नेत नाहीत. त्यांना तुझे दोन लाख हवेत की तू हवास? मानवतचं प्रकरण घडलं तेव्हा मी शिकत होतो. १९७२ ते ७४. गुप्तधनाच्या नादात माणसं मारली, त्यात लहान मुली होत्या. आमच्या बाजूला, महाराष्ट्रात, २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी गढ्या उकरणाऱ्या टोळ्या दर वर्षी पकडल्या जातात. पोलिसांनी तुलाही त्यांच्यातलाच धरलं तर? १८७८ चा निखात निधीचा कायदाही आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. लपवलं तर तुरुंग.

आजीचा डबा तुझ्या डोक्यात असेल. आपल्या घराण्यात तो प्रत्येकाच्या डोक्यात असतो. रझाकारांच्या वेळी आजीनं निजामाचे हाली रुपये नि गोठ डब्यात घालून चुलीमागं पुरले, हे खरं. पण १९४८ ची पोलीस कारवाई झाल्यावर तिनंच ते काढले, नदीपल्याड नेऊन मोडले आणि बैलजोडी घेतली. हाली देऊन इंग्रजी कल्दार घ्यायचे म्हणजे सहाला सात मोजावे लागत, तोही घाटा तिनं सोसला. मला तिनं हे स्वतः सांगितलं. मोठी माणसं मात्र म्हणत, म्हातारी लपवते. त्यांनी सैपाकघर उकरलं तेव्हा ती ओसरीत बसून होती. मी नववीत होतो, मला सगळं ठाऊक होतं, पण तिच्या बाजूनं एक शब्द बोललो नाही. अजून ते सलतं. म्हणून तुझ्याशी बोलतो आहे, तुला आवडो न आवडो.

यंत्र घ्यायला माझी ना नाही. निंदणात तुझ्या आईची पोत पडली, ती तू तीन दिवस शोधलीस, हेही तिनंच सांगितलं. त्यासाठी हवं असेल तर साधं, नाण्या-दागिन्यांचं घे. ग्राउंड बॅलन्स असलेलंच घे, काळ्या मातीत लोहाचे कण फार, नाहीतर दिवसभर उगाच कुरकुरेल. वेटोळं मध्यम बरं. अठरा-वीस किलोहर्ट्‌झच्या आसपासचं चालेल, फार खालच्या फ्रिक्वेन्सीला मण्यांसारखं बारीक सोनं निसटतं. गुटख्याच्या पुडीची चांदी आणि सोन्याचा मणी यंत्राला जवळजवळ सारखेच वाटतात, म्हणून आवाज आला की खणायचंच, कंटाळायचं नाही. जैनदच्या देवळाकडे मात्र ते घेऊन जाऊ नको, फक्त आपल्या वावरात.

निम्मे पैसे मी घालतो. पेन्शन जमा झाली की नागपूरला जाऊ, दुकानात मातीत अंगठी पुरून दाखव म्हणू, मगच पैसे देऊ. तोवर त्या दोघांना सांग, काका आजारी आहे, वणीला बोलावलंय. खोटं बोललास तरी चालेल. उद्याच ये. तुझ्या काकूनं तिळाची चटणी केली आहे. तू जन्मलास तेव्हा आदिलाबादच्या दवाखान्यात नर्सनं पाय आधी आले म्हणून सांगितलं, आणि तुझा बाप घाबरून माझ्या खांद्यावर रडला होता. तो असता तर त्यानं तुला एक ठेवून दिली असती. मला ते कधी जमलं नाही.

यायला जमलं नाही तर निदान फोन कर. रात्री केलास तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझा,
काका