इंग्लंडमधील चर्चची प्राथमिक शाळा : जमेच्या बाजू आणि उणिवा

प्रश्न : इंग्लंडमध्ये राहणाऱ्या हिंदू कुटुंबाने मुलांना चर्चच्या प्राथमिक शाळेत घालावे का?

उत्तर : इंग्लंडमधील सुमारे एक चतुर्थांश सरकारी प्राथमिक शाळा चर्च ऑफ इंग्लंडशी संलग्न आहेत. गरीब मुलांना शिकवण्यासाठी 1811 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीपासून ही परंपरा सुरू होते. या शाळांना फी नसते, खर्च मुख्यतः सरकार करते आणि शाळा तपासणाऱ्या ‘ऑफस्टेड’ या सरकारी संस्थेची तपासणी त्यांनाही लागू असते.

खेड्यातील अशा अनेक शाळा लहान असतात. तिथे शिक्षक प्रत्येक मुलाला नावाने ओळखतात आणि गावाशी नाते घट्ट राहते. शरद ऋतूतील सुगीच्या सणाला मुले घरून डबाबंद अन्न आणतात, ते बहुधा गरजूंसाठीच्या फूड बँकेत जाते.

उणिवाही आहेत. ‘व्हॉलंटरी एडेड’ प्रकारच्या चर्च-शाळेचे प्रवेशनियम तिचे व्यवस्थापक मंडळ ठरवते. जागांपेक्षा अर्ज जास्त आल्यास नियमित चर्चला जाणाऱ्या कुटुंबांना प्राधान्य मिळू शकते. ‘व्हॉलंटरी कंट्रोल्ड’ प्रकारच्या शाळेत हे नियम सहसा स्थानिक प्रशासन ठरवते. लहान शाळेत अनेकदा दोन इयत्ता एकाच वर्गात बसतात, खेळ-संगीताच्या सोयी मर्यादित राहतात.

रोजच्या प्रार्थनेतून आणि धर्मशिक्षणाच्या तासातून मुलाला वगळण्याचा कायदेशीर हक्क पालकांना आहे. मात्र ख्रिस्ती वातावरण दिवसभर जाणवते. म्हणून प्रवेशनियम वाचून आणि शाळा भरलेली असताना ती प्रत्यक्ष पाहूनच निर्णय घ्यावा.