चप्पल पायात ठरत नाही तेव्हा

"डॉक्टर, डाव्या पायात चप्पलच ठरत नाही." खुरपणी किंवा कांदालागवड जोरात असली की ही तक्रार घेऊन एखादी तरी बाई आमच्या दवाखान्यात येते. पाय दुखत नाही, सूज नाही, मार लागलेला नाही. पण चालताना पाऊल वर उचलले जात नाही, अंगठा जमिनीला घासतो, उंबऱ्याला ठेच लागते. मग ती गुडघा जास्त वर उचलून, पाऊल आपटत चालू लागते. घरच्यांना वाटते की वारे गेले, म्हणजे अर्धांगवायूच झाला.

बहुतेक वेळा तसे नसते. आपल्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली बोट फिरवून पाहा. हाडाची एक टणक गाठ हाताला लागेल. पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडाचे, म्हणजे फिब्युलाचे, ते डोके. त्याच्या लगेच खाली कॉमन पेरोनिअल नावाचा मज्जातंतू हाडाला वळसा घालून पुढे येतो. तिथे त्याच्यावर कातडी आणि थोडी चरबी सोडली तर कसलेच संरक्षण नाही. पाऊल आणि बोटे वर उचलण्याचा, पाऊल बाहेर वळवण्याचा हुकूम याच मज्जातंतूतून जातो. तासन् तास उकिडवे बसले की तो ताणला आणि दाबला जातो. मधूनमधून उठले तर काही होत नाही. पण सरीच्या शेवटापर्यंत बसल्या बसल्याच पुढे सरकायचे ही आपल्याकडची रीत, आणि त्यात रोजंदारीवर मुकादमाची घाई.

कारणे आणखीही आहेत. गुडघ्याशी घट्ट बसलेले प्लॅस्टर, पायावर पाय टाकून बसण्याची सवय, आजारपणात झपाट्याने घटलेले वजन, एका कुशीवर बराच काळ पडून राहणे. मधुमेही माणसाचे मज्जातंतू आधीच नाजूक झालेले असतात, म्हणून अशा रुग्णाची साखर मी तपासतोच.

घरी एक परीक्षा करता येते. भिंतीला हात टेकून टाचांवर चालून पाहावे. ज्या पायाचा चवडा वर राहत नाही, तिथे दोष आहे. चवड्यांवर मात्र हा रुग्ण नीट चालतो, कारण ते काम दुसऱ्या मज्जातंतूचे. पुढची परीक्षा डॉक्टरांची. पाऊल आतल्या बाजूला जोराने वळवता येत असेल तर दोष गुडघ्यापाशी असण्याचा संभव जास्त. तेही जमत नसेल आणि कंबरेतून कळ येत असेल, तर मणक्यातील चकती सरकल्याचा संशय घ्यावा लागतो. त्याच बाजूचा हात लुळा, तोंड वाकडे किंवा बोलणे अडखळते असेल, तर एक क्षणही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

दोन गोष्टी मी मुद्दाम विचारतो. पहिली, अंगावर बधिर चट्टा आहे का? कुष्ठरोगात हाच मज्जातंतू जाड होतो आणि बोटाखाली दोरीसारखा लागतो. देशपातळीवर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट २००५ साली गाठले गेले, पण नवे रुग्ण आजही सापडतात. लाजेखातर लपवू नये. सरकारी केंद्रात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो. मज्जातंतू अधू होऊन सहा महिने झाले नसतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या प्रेडनिसोलोनने बळ परत येण्याची चांगली आशा असते.

दुसरी, लहान मूल असेल तर कुल्ल्यात सुई टोचली होती का? चुकीच्या जागी टोचलेली सुई मांडीच्या मोठ्या मज्जातंतूला, म्हणजे सायटिकला, इजा करते आणि मुलाचे पाऊल लोंबू लागते. "सुई दिल्याशिवाय गुण येत नाही" हा हट्ट आई-वडिलांनी सोडावा, हे मी कित्येक वर्षे सांगत आलो आहे. गोळीने भागत असेल तिथे सुई मागू नये.

उपचाराचा पहिला भाग म्हणजे कारण बंद करणे. नुसता दाब पडला असेल तर काही आठवड्यांत, क्वचित दोन-तीन महिन्यांत पाऊल उचलू लागते. आतला धागाच तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, तेव्हा धीर लागतो. तोवर पाऊल काटकोनात ठेवणारी प्लॅस्टिकची पट्टी बुटात वापरावी आणि टाचेची शीर आखडू नये म्हणून पाऊल रोज हाताने वर ओढावे. सुधारणा दिसेना तर तीन आठवड्यांनंतर मज्जातंतूची विद्युत तपासणी करतात. त्याआधी केली तर ती फसवी ठरू शकते. पाऊल कायमचे लोंबत राहिले तरी सारे संपत नाही. पोटरीच्या आतल्या स्नायूची दोरी पावलाच्या वरच्या बाजूला आणून जोडण्याची शस्त्रक्रिया आहे.

याच मज्जातंतूच्या हुकमाखालचे दोन स्नायू बाहेरच्या घोट्यामागून दोरीसारखे तळपायाकडे उतरतात. त्यांचे दुखणे वेगळे. माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला असते तेव्हा असे घोटे बरेच पाहायला मिळतात. पाय मुरगळला, चार-सहा आठवडे झाले, तरी हाडाच्या मागे दुखते आणि पाऊल बाहेर ढकलताना कळ येते. एक्स-रे साफ असतो आणि रुग्ण गोंधळतो. अशा वेळी सोनोग्राफी उपयोगी पडते. विश्रांती, बर्फ, क्रेप बँडेज आणि नंतर हळूहळू व्यायाम एवढ्यावर बहुतेकांचे भागते. चालताना ही दोरी हाडावरून 'टक्' करून उडत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. त्या जागी जोराने चोळून घेऊ नये, आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन वारंवार घेऊ नये. त्याने दोरी तुटण्याचा धोका असतो.

खुरपायला जाणाऱ्या भगिनींनी वीतभर उंचीचा पाट सोबत न्यावा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी उभे राहून दोन पावले चालावे. पाऊल बधिर झालेच, तर गरम विटेचा शेक अजिबात देऊ नये. चटका बसलेला कळत नाही, आणि त्या जखमेला भरून यायला महिनेच्या महिने लागतात.